घुंगुरहोल्याच्या कसोटीवर तीन फुकट सेवा

पक्षी ओळखून देणाऱ्या सेवांची परीक्षणं बहुतेक वेळा सोप्या पक्ष्यांवर होतात. कोकीळ ओरडला, ॲपने कोकीळ म्हटलं, पाच तारे. इथे पेपर मुद्दाम अवघड काढला आहे. अँडीज पर्वतात राहणारा, जेमतेम १७ सेंटिमीटर लांबीचा, मातीच्या रंगाचा आणि जवळजवळ मुका असा एक होला घेतला आणि त्यावर पक्षी ओळखणारं ॲप मर्लिन, पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींची ई-बर्ड आणि पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह झेनो-कॅन्टो या तिन्ही सेवा तपासल्या. तिन्ही फुकट आहेत, तिन्ही भारतातून वापरता येतात. माचू पिच्चूच्या निमित्ताने कुस्कोला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या गळ्यात दुर्बीण असते, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिलं आहे.

आधी पक्षी. शास्त्रीय नाव मेट्रिओपेलिया सेसिलिए, लेसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८४५ साली दिलेलं. पेरूमध्ये याला बोलीत कास्काबेलीता म्हणतात. कास्काबेल म्हणजे घुंगरू. मराठीत याला रूढ नाव नाही, म्हणून सोयीसाठी घुंगुरहोला म्हणू. नाव लाडाचं वाटलं तरी ते वर्णन आहे. हा पक्षी जमिनीवरून उठतो तेव्हा पंखांचा कोरडा खुळखुळाट ऐकू येतो. गळ्यातून मात्र तो क्वचितच आवाज काढतो. परीक्षेतला खरा प्रश्न इथेच आहे: पक्षी वाजतो, पण गात नाही.

आपल्याकडे एवढा लहान होला नाही. भारतातला सगळ्यात छोटा म्हणजे लाल होला, तोही २२ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. घुंगुरहोला चिमणीहून थोडासाच लांब, पण अंगाने भरलेला, आखूड पायांचा. पाठीवर आणि पंखांवर फिकट ठिपके, शेपटीच्या कोपऱ्यांना पांढुरकी कड, आणि डोळ्याभोवती केशरी रंगाची उघडी त्वचा, तिला काळसर किनार. दुर्बिणीतून पाहिलं तर चष्मा घातल्यासारखा दिसतो. राहतो पेरूमध्ये, बोलिव्हियाच्या पश्चिम भागात, चिलीच्या उत्तरेला आणि अर्जेंटिनाच्या अगदी वायव्य टोकाला. कोरडे डोंगरउतार, निवडुंग, दगडी बांध, मातीच्या विटांची घरं ही त्याची जागा. घरटं कड्याच्या फटीत, भिंतीच्या भोकात किंवा छपराखाली. म्हणजे आपल्या पारव्यासारखाच माणसाच्या भिंतीवर हक्क सांगणारा, पण पारव्याचा आगाऊपणा वजा केलेला.

चरताना चार-पाच किंवा वीसेक पक्षी एकत्र असतात. डोकं खाली घालून बिया टिपत तुरुतुरु चालतात. जवळ गेलं तरी लगेच उडत नाहीत, भुईला चिकटून राहतात. पाय अगदी जवळ पडला की सगळे एकदम उठतात, खुळखुळाट होतो, आणि थोड्या अंतरावर उतरून पुन्हा दगडांत विरघळतात. ओळखायला हातात येतात ते दोन-तीन सेकंद, एक आवाज आणि शेपटीचे पांढुरके कोपरे. सेवा चांगली की वाईट हे या दोन-तीन सेकंदांसाठी ती किती तयार करते त्यावर ठरवायचं.

त्याचे तीन सख्खे भाऊ आहेत, म्हणजे त्याच वंशातल्या तीन जाती, आणि घोळ तिथून सुरू होतो. सगळ्यात मोठा मेलानोप्टेरा, साधारण २२ सेंटिमीटर. चिलीच्या मोलिना या धर्मगुरूने १७८२ सालीच त्याचं वर्णन केलं. पंखांची टोकं काळी, मिटलेल्या पंखाच्या वळणावर पांढरा डाग, ठिपके अजिबात नाहीत. कोलंबियाच्या नैर्ऋत्य भागापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत याचा पसारा सर्वांत लांब. दुसरा आयमारा, उंच पठारावरच्या आयमारा लोकांच्या नावाचा. याच्या डोळ्याभोवती उघडी त्वचा नसते, पंखावर सोनेरी ठिपके असतात, शेपटी आखूड. जमिनीवर बसला की होल्यापेक्षा चिखल्यासारखा वाटतो. तिसरा मोरेनोई, १९०२ साली शार्पने अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस्को मोरेनो या संशोधकाचं नाव दिलेला. तो फक्त वायव्य अर्जेंटिनात सापडतो. चेहरा घुंगुरहोल्यासारखाच केशरी, पाठ मात्र कोरी, बिनठिपक्यांची. चारही जाती सध्या धोक्याबाहेर गणल्या जातात.

आता मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे ॲप २०१४ सालापासून आहे. आवाजावरून ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली. आधी पेरूचा पॅक, म्हणजे तिथल्या पक्ष्यांची माहिती, फोनवर उतरवून घ्यावी लागते. हा पॅक चांगलाच जड आहे, कारण पेरूत पक्ष्यांच्या १८०० हून अधिक जाती आहेत. हे काम पुण्यात किंवा नागपुरात घरच्या वायफायवर उरका. घाटात नेटवर्क मिळेल या भरवशावर राहिलात तर फसाल.

पायरीपायरीने ओळखण्याच्या वाटेवर मर्लिन पाच गोष्टी विचारतं: कुठे, केव्हा, आकार केवढा, मुख्य रंग कोणते, पक्षी काय करत होता. मराठी माणूस पहिल्यांदा अडखळतो तो आकारापाशी. मापं चिमणी, रॉबिन, कावळा, हंस अशी दिलेली आहेत, आणि हा रॉबिन अमेरिकेतला आहे, साधारण २५ सेंटिमीटरचा. आपण रॉबिन म्हटलं की चिरक किंवा दयाळ डोळ्यांसमोर आणतो. चिरक साधारण १६ सेंटिमीटरचा, म्हणजे नेमका घुंगुरहोल्याएवढा. त्यामुळे हात आपोआप रॉबिनच्या चित्रावर जातो आणि यादी चुकते. चिमणी आणि रॉबिन यांच्या मधलं माप निवडा. रंगांतही हीच सावधगिरी हवी. मर्लिन मुख्य रंग विचारतं, डोळ्याभोवतीची केशरी त्वचा हा मुख्य रंग नव्हे. आधी तपकिरी आणि करडा द्या, उत्तरांच्या यादीत होले दिसले की मग फोटो उघडून चेहरा ताडून पाहा. शेवटच्या प्रश्नाला ‘जमिनीवर’ हेच उत्तर.

मर्लिनची खरी उणीव वेगळी आहे. ते जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची विचारत नाही. कोणते पक्षी संभवतात ही यादी ते ठिकाण आणि तारीख यांवरून, ई-बर्डवर जमा झालेल्या नोंदींच्या आधाराने लावतं. सपाट प्रदेशात हे उत्तम चालतं. अँडीजच्या पश्चिम उतारावर मात्र काही तासांच्या प्रवासात समुद्रकिनाऱ्यावरून ४००० मीटरच्या वर जाता येतं. लिमाजवळची सांता एऊलालियाची दरी घ्या. खालच्या गावात साधारण १००० मीटर, रस्ता संपतो तिथे ४००० च्या पुढे. नकाशावर ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर वाटतात, पक्षी मात्र वेगळे. किनारपट्टीचा कोलुम्बिना क्रुझियाना हा छोटा होला आणि घुंगुरहोला या दरीच्या खालच्या भागात शेजारी येतात, आणि गफलत हमखास इथेच होते. त्यावर उपाय ॲपमध्ये नाही, चोचीत आहे. क्रुझियानाची चोच मुळाशी झगझगीत पिवळी-केशरी आणि टोकाला काळी असते, डोळ्याभोवती चष्मा नसतो. घुंगुरहोल्याचं उलट: चोच गडद, चष्मा केशरी. आणि क्रुझियाना बेडकासारखा डरकतो, त्यामुळे तो मुका राहत नाही.

आवाज ओळखण्याच्या सोयीवर या पक्ष्यासाठी फारसा भार टाकू नये. ही सोय रेकॉर्डिंगांवर शिकवलेली आहे, आणि जो पक्षी घशाचा वापरच टाळतो त्याच्याबाबतीत तिच्या हातात थोडंच लागतं. फोनचीही अडचण आहे. होल्यांची घुमणी खालच्या पट्टीत असते, आणि वाऱ्याची घरघरही नेमकी तिथेच. दरीत दुपारनंतर वारा सुटतो, मग पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात तळाशी नुसता करडा पट्टा उरतो. रेकॉर्ड करायचंच असेल तर सकाळी करा, फोन अंगाच्या आडोशाला धरा, माइकवर बोट येऊ देऊ नका. ॲपने काहीच नाव सुचवलं नाही तरी रेकॉर्डिंग पुसू नका. ते पुढे कामाला येतं.

फोटोवरून ओळख बरी होते, पण एका अटीवर: चौकटीत पक्षी मोठा करून घ्या. सगळं माळरान आणि मध्ये तिळाएवढा होला अशा फोटोवर भरवसा ठेवता येत नाही. फोटो काढताना चेहऱ्यामागे धावू नका, बाजूने घ्या. पाठीचे ठिपके आले तर मोरेनोई बाद, चष्मा आला तर आयमारा बाद.

ई-बर्ड ही दुसरी सेवा, २००२ पासून चालू. जातीचा नकाशा उघडून आत आत गेलात की चौकोनांच्या जागी एकेक खूण दिसू लागते. गेल्या ३० दिवसांतल्या नोंदी लाल, जुन्या निळ्या. नकाशाचा थर बदलून भूरचना किंवा उपग्रहचित्र लावा. मग घुंगुरहोला कुठल्या बाजूच्या उतारावर आहे, गावाला चिकटून आहे की उजाड कड्यावर, हे कळतं. नुसत्या रंगवलेल्या नकाशात ही गोष्ट दिसत नाही. चारही जातींचे नकाशे एकामागून एक पाहिले की पर्वताची मांडणीच उलगडते: घुंगुरहोला दऱ्यांच्या कोरड्या भिंतींवर, आयमारा त्याहून वर पुना नावाच्या उंच पठारावर, मोरेनोई दक्षिणेला एका कोपऱ्यात, आणि मेलानोप्टेरा लांबलचक पट्ट्यात सगळ्यांच्या मधूनमधून. कुस्कोला जाणाऱ्यांनी वाकार्पाय तलावाचा परिसर पाहावा. चिलीत पुत्रे हे गाव, साधारण ३५०० मीटरवर, त्याच्या आसपास तीन जाती मिळू शकतात.

उणीव इथेही उंचीचीच. ई-बर्डच्या यादीत, म्हणजे एका फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदीत, उंचीसाठी वेगळा रकाना नाही. फिरत केलेली यादी ८ किलोमीटरच्या आत ठेवा असं ते सांगतात. कोकणात ८ किलोमीटर म्हणजे फार तर एका गावातून दुसऱ्या गावात. सांता एऊलालियात तेवढ्या रस्त्यात झाडोरा बदलतो, हवा बदलते, होलाही बदलतो, आणि तरी सगळे पक्षी एकाच खुणेवर येऊन बसतात. त्या खुणेवरून पक्ष्याची उंची काढणारा माणूस चुकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. म्हणून यादी छोटी ठेवा. दर २०० ते ३०० मीटर चढाला थांबा, जुनी यादी बंद करून नवी उघडा, आणि प्रत्येक होल्याच्या टिप्पणीत उंची आकड्यात लिहा. फोनवरची उंची पाच-दहा मीटर इकडेतिकडे असली तरी हरकत नाही, कारण इथे फरक शेकड्यांचा असतो. गाडीतून उतरल्याबरोबर वाचलेला आकडा मात्र घेऊ नका. जीपीएसला आकाश नीट दिसू द्या, मिनिटभर थांबा.

संख्या लिहिताना उडालेल्या थव्याचा अंदाज द्या, नुसती फुली टाकू नका. जात नक्की नसेल तर ‘होला किंवा पारवा, जात अनिश्चित’ असा पर्याय आहे, तो वापरायला लाजू नका. छाननी करणारे स्वयंसेवक आकडा किंवा जात विचित्र वाटली तर विचारणा करतात, आणि ती रास्तच असते. अशा वेळी ‘नक्की पाहिला’ या उत्तराचा काही उपयोग नाही. चोचीचा रंग, पाठीवर ठिपके आहेत की नाहीत, शेपटीचे कोपरे, उंची, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या की पुढच्या माणसाचं काम होतं.

ई-बर्डशी जोडलेला फोटो-आवाजांचा संग्रह हा या सेवेचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग. तिथे फोटो आपोआप दर्जाच्या क्रमाने लागतात. म्हणजे वर येतात ते स्वच्छ प्रकाशातले, दगडावर ऐटीत बसलेले होले. प्रत्यक्षात तुम्हाला तसा होला दिसणार नाही, पाठमोरा उडणारा दिसेल. म्हणून गाळणी लावा आणि उडतानाचे फोटो मागा. फोटो कमी येतील आणि सुंदरही नसतील, पण शेपटीचे कोपरे, काळी पिसं, पंखाच्या वळणावरचा पांढरा डाग हे तिथेच शिकता येतं. घरटं अशीही खूण लावता येते. ती लावून फोटो पाहिले तर हा पक्षी माणसाच्या भिंतीत किती सहज शिरतो हे शब्दांवाचून समजतं.

नावांचा घोळ हा स्वतंत्र वैताग आहे. आपल्या घुंगुरहोल्यालाच पेरूत पुस्तकी नावाने तोर्तोलिता मोतेआदा म्हणतात आणि चिलीत तोर्तोलिता बोलिव्हियाना. चिलीचा तोर्तोला कोर्दियेराना म्हणजे मेलानोप्टेरा, अर्जेंटिनात त्याचीच पालोमिता कोर्दियेराना होते. ई-बर्डमध्ये स्पॅनिशचे देशवार पर्याय आहेत, ज्या देशात जाल तो लावून ठेवा. नाहीतर गाईड एक नाव सांगतो, फोन दुसरं दाखवतो, आणि दोघंही बरोबर असतात.

तिसरी सेवा झेनो-कॅन्टो, आणि या पक्ष्यासाठी आमचा पहिला क्रमांक हिलाच. २००५ साली बॉब प्लांके आणि विलेम-पियर वेलिंगा या दोघांनी नेदरलँड्समधून ती सुरू केली. आज ती जगभरची झाली असली तरी सुरुवात मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांपासून झाली होती, त्यामुळे अँडीज हे तिचं माहेर. वेबसाइट दिसायला साधी, ॲपची चकाकी नाही. शोधपट्टीत मेट्रिओपेलिया हे वंशाचं नाव रोमन लिपीत टाकलं की चारही भाऊ एका यादीत येतात. प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे ठिकाण, तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार आणि उंची. होय, उंची! ज्या रकान्यासाठी वरचे दोन परिच्छेद खर्ची पडले, तो इथे सुरुवातीपासून आहे.

दर्जाला ए ते ई अशी अक्षरं दिलेली आहेत, ए सर्वांत स्वच्छ. बाकी पक्ष्यांसाठी ए-बी पुरतात. या होल्यासाठी सी आणि डीही ऐका, कारण अचानक उडालेल्या थव्याचा आवाज कुणी तयारीत उभं राहून टिपत नाही. तो ओझरता, दूरचा, पावलांच्या आवाजात मिसळलेला असतो, आणि तुमच्या कानावरही तसाच पडणार आहे. रेकॉर्ड करणाऱ्याची टिप्पणी न चुकता वाचा. पंखांचा आवाज की घशाचा, पक्षी दिसला की नाही, किती होते, हे तिथे लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर ते रेकॉर्डिंग तुलनेला घेऊ नका.

आवाजाचा आलेख वाचायला पाच मिनिटांत शिकता येतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची. होल्याची घुमणी तळाशी, आडव्या जाड रेघेसारखी. पंखांचा खुळखुळाट म्हणजे जवळजवळ उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या शेजारी शेजारी. उडी घेताना दात दाट, पक्षी सुटला की विरळ. पंखांचा आवाज हा नुसता योगायोग नसतो, हे निदान एका पक्ष्याबाबत नीट सिद्ध झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या तुरेवाल्या पारव्याचं आठवं उड्डाणपीस अरुंद असतं, तो घाबरून उडाला की त्यातून इशाऱ्याचा स्वर निघतो, आणि बाकीचे तो ऐकून पळतात. घुंगुरहोल्याचा थवा एकदम उठताना पाहिला की हे आठवल्यावाचून राहत नाही.

एक तांत्रिक पथ्य. संग्रहातली बरीचशी रेकॉर्डिंग एमपी३ स्वरूपात आहेत. या स्वरूपात टकटक, खुळखुळ अशा तुटक आवाजांच्या कडा बोथट होतात. घुमणीला फारसा धक्का लागत नाही, पंखांच्या आवाजाला लागतो. म्हणून डब्ल्यूएव्ही फाइल असेल तर ती घ्या. आणि काही झालं तरी फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. तो खालच्या पट्टीतली घुमणी गिळतो. साधे तारेचे हेडफोन पुरेसे.

परवान्याकडेही लक्ष द्या. रेकॉर्डिंग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली असतात, पण प्रत्येकाची अट वेगळी. व्हिडिओत वापरण्याआधी ती पाहा आणि रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव द्या. डोंगरात उभं राहून हे आवाज पक्ष्याला ऐकवण्याचा मोह मात्र टाळा. हा होला आवाजाला भुलून समोर येणाऱ्यातला नाही. त्यापेक्षा सकाळी पाण्याच्या जागी गुपचूप बसा. कोरड्या बिया खाणाऱ्याला पाणी लागतंच, आणि होले घोट घेऊन मान वर न करता चोच बुडवून सलग पितात. तेवढा वेळ चेहरा स्थिर असतो.

क्रम असा ठेवा. निघण्याआधी पंधरा दिवस झेनो-कॅन्टोवर कान तयार करा, रोज दहा मिनिटं पुरे. आठवडाभर आधी ई-बर्डचे नकाशे पाहून ठिकाणं आणि उडतानाचे फोटो डोक्यात बसवा. मर्लिनचा पॅक आदल्या दिवशी उतरवला तरी चालेल, त्याचा उपयोग मुख्यतः फोटो ताडून पाहायला. फोनमध्ये चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवा. उंचावरच्या थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, पॉवर बँक सॅकमध्ये न ठेवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. आणि पहिले दोन दिवस फार धावू नका. ४००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. धापा टाकत धरलेली दुर्बीण हलते, आणि सतरा सेंटिमीटरच्या मातकट पक्ष्याचा चष्मा हलत्या दुर्बिणीतून दिसत नाही.

आमचे गुण, फक्त या एका होल्यापुरते: झेनो-कॅन्टो पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो मोबाइलवर वापरताना होणाऱ्या त्रासासाठी. ई-बर्ड चार, उंचीचा रकाना आला तर पाच. मर्लिन अडीच. हेच ॲप ताम्हिणीतल्या पावसाळी सकाळी वापराल तर गुण वेगळे पडतील. आणि तिन्ही सेवा वापरून झाल्यावरही फक्त पंखांच्या खुळखुळाटावर जात लिहू नका. उडताना पंख वाजवणारा या कुळात हा एकटाच नाही. शेपटीचे कोपरे किंवा चष्मा, दोन्हींपैकी एक दिसेपर्यंत रकाना अनिश्चितच राहू द्या.